ओआरटीएफ लावताना १७ सेंटिमीटर नक्की कुठून कुठे मोजायचे?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. दिवसा मेडिकल सांभाळतो आणि गावात कुठे गाणं असलं की रेकॉर्डर घेऊन पोचतो. पैसे कोणी देत नाही, मीही मागत नाही. कलाकाराला पेनड्राइव्ह द्यायचा, एक कॉपी आपल्याकडे ठेवायची, एवढाच व्यवहार.

ओआरटीएफ ही दोन माइकने स्टिरिओ रेकॉर्डिंग करायची रीत मी वापरतो. सामान असं: लहान डायफ्रॅमचे दोन सारखे कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारे) माइक, एक स्टिरिओ बार, आठ फुटी स्टँड आणि रेकॉर्डर. गेल्या महिन्यात एका शाळेच्या सभागृहात शास्त्रीय गायनाची बैठक होती. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. लांबून सुरत-भुसावळ लाईनवरच्या गाडीचा भोंगा दोनदा आला, त्याला माझा इलाज नाही. पण बाकीचं जे झालं त्याला मीच जबाबदार असणार, म्हणून विचारतोय.

घरी येऊन हेडफोन लावले तर तबला पूर्ण डाव्या कानात, हार्मोनिअम पूर्ण उजव्या कानात. जणू दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून वाजवायला लावलंय. आणि गायिका प्रत्यक्षात दोघांच्या बरोबर मध्ये होत्या, त्या रेकॉर्डिंगमध्ये डावीकडे सरकून तबल्याच्या मांडीला मांडी लावून बसल्यात! बायकोला ऐकवलं तर म्हणाली, "छान आहे की." तिने मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलं होतं.

लावलं होतं ते असं. स्टँड गायिकेपासून नऊ फुटांवर. तबला ते हार्मोनिअम अंतर बारा फूट असेल. मुलीच्या कंपासमधला कोनमापक घेऊन घरीच ११० अंशांचा कोन केला आणि दोन्ही क्लिपांमध्ये १७ सेंमी ठेवले. माइकच्या शेपट्या क्लिपांत आणि तोंडं बाहेरच्या दिशेला. शेपट्या एकमेकींवरून गेल्या तर ते एक्सवाय (दुसरी एक स्टिरिओ रीत) होईल, म्हणून त्या मुद्दाम लांब ठेवल्या. मधोमध जागा मिळाली नाही, कारण तिथे पाहुण्यांचा सोफा. म्हणून स्टँड दीड फूट उजवीकडे घेतला, बार मात्र स्टेजला समांतर.

तर प्रश्न: १७ सेंमी कुठून मोजायचे? हॉलमध्ये हाताशी दहा मिनिटं असतात, तेवढ्यात कोन नीट कसा लावायचा? आणि हे सगळं किती काटेकोर हवं? एक अंश चुकला तर बोंब होते का? पुढच्या रविवारी त्याच हॉलमध्ये पुन्हा बैठक आहे.

गुण्या_ओळंबा (धुळे)

राम राम भाऊ. वयाने मोठा आहे, अरे-तुरे करतो, राग मानू नको.

चूक तुझ्याच वाक्यात आहे. "दोन्ही क्लिपांमध्ये १७." क्लिपा नाही रे, कॅप्सूल! जाळीच्या मागे जी चकती असते तिच्या मध्यापासून दुसऱ्या चकतीच्या मध्यापर्यंत १७. क्लिप कुठेही असो.

आता तू काय केलंस त्याचा हिशेब मांडू. माइक १५ सेंमी लांब धरू. प्रत्येक माइक समोरच्या सरळ रेषेपासून ५५ अंश बाहेर वळलेला. शेपटीपासून तोंडापर्यंत येताना तो सव्वाबारा सेंमी बाहेर सरकतो. दोन्ही मिळून साडेचोवीस. त्यात शेपट्यांमधले १७ मिळव. कॅप्सूलमधलं अंतर झालं साडेएक्केचाळीस! तू ओआरटीएफ लावलंच नव्हतंस, भलतंच काहीतरी लावलं होतंस.

१७ चा आकडा फ्रेंच रेडिओवाल्यांनी १९६० च्या सुमारास ठरवला. साधारण आपल्या दोन कानांमधल्या अंतराएवढाच आहे. अगदी बाजूने आलेला आवाज लांबच्या माइकवर अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. तुझ्या मांडणीत तोच उशीर सव्वा मिलिसेकंद झाला. कान एवढ्या फरकावर निकाल देऊन मोकळा होतो: पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे. खऱ्या ओआरटीएफमध्ये समोरचा ९६ अंशांचा पट्टा दोन स्पीकरच्या मध्ये पसरतो. तुझा पट्टा माझ्या हिशेबाने साठाच्या आसपास आला असणार. नऊ फुटांवरून बारा फुटांची बैठक ६७ अंश व्यापते. म्हणजे तबला आणि हार्मोनिअम दोघंही पट्ट्याच्या बाहेर पडले आणि स्पीकरला जाऊन चिकटले. तुझ्या त्या दोन खोल्या या अशा झाल्या.

शेपट्या एकमेकींवरून जाण्याची भीती काढून टाक. ओआरटीएफमध्ये एवढ्या लांबीच्या माइकच्या शेपट्या एकमेकींवरून जातातच. कात्री अर्धवट उघड: मुठी मागे, पाती पुढे फाकलेली, असा आकार दिसला पाहिजे. एक माइक दुसऱ्यापेक्षा त्याच्या जाडीएवढा वर बसव, बारच्या एका क्लिपखाली वॉशर घातले की झालं. एक्सवायमध्ये उलटं असतं, तिथे तोंडं एकमेकांवर येतात आणि शेपट्या फाकतात. तुझी गल्लत इथेच झाली.

कोनमापक मुलीला परत दे. शाळेच्या कोनमापकाने कोन मापायचा आणि मग अंधारात स्टँडवर बार फिरवायचा, यात दोन अंश कुठे जातात कळत नाही. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. तिथे आम्ही एकच सांगायचो, तीच वस्तू दोनदा मोजायची असेल तर जिग, म्हणजे मापाचा साचा, बनवा. साडीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घे. त्यावर १७ सेंमीची आडवी रेघ मार. तीच रेघ दोन्ही टोकांना बाहेर २० सेंमी वाढव. वाढवलेल्या टोकापासून गुण्या लावून सरळ पुढे १४ सेंमी जा, खूण कर. आता १७ च्या रेघेच्या टोकापासून त्या खुणेपर्यंत तिरकी रेघ ओढ. झाले ५५ अंश. दुसऱ्या बाजूलाही तेच. २० बाहेर, १४ पुढे, एवढं पाठ कर. याच तिरक्या रेघा मागच्या बाजूलाही वाढव, त्या एकमेकींना कापतील. शेपट्या त्या रेघांवर आणि कॅप्सूल १७ च्या टोकांवर. घरी बसून क्लिपा घट्ट कर आणि प्रत्येक क्लिपवर व बारवर मिळून नेलपेंटची एकच रेघ मार. हॉलमध्ये फक्त रेघा जुळल्यात का ते बघायचं. तीस सेकंदांचं काम.

डावा माइक कायम डावाच ठेव, त्यालाही ठिपका लाव. सुरू करण्याआधी डाव्या जाळीवर नखाने हलकं खरवड आणि कोणती सुई हलते ते बघ. मी एकदा अख्खी बैठक उलटी रेकॉर्ड केली आहे. तबलजी डावखुरा आहे का, असं एका जाणकाराने विचारलं तेव्हा कळलं!

आता किती काटेकोर. १७ चे साडेसतरा झाले, ११० चे १०८ झाले, तर तुझ्या हॉलमधल्या कोणाच्या बापाला कळणार नाही. पण अख्खा बार पाच अंश वळला तर? अर्धा पट्टा ४८ अंशांचा, त्यात पाच म्हणजे दहावा हिस्सा. गायिका तेवढी सरकली. आणि तू बार समांतर ठेवून दीड फूट उजवीकडे गेलास. नऊ फुटांवर दीड फूट म्हणजे साडेनऊ अंश. तुझ्या त्या आखूड पट्ट्यात अर्ध्या बाजूचा जवळजवळ तिसरा हिस्सा. गायिका तबल्याकडे का गेल्या, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

वर्कशॉपमध्ये अशी पोरं असायची. कानस लावून लावून सुताचाही फरक ठेवणार नाहीत, पण व्हाइसमध्ये जॉबच तिरका बांधलेला. तुझा सोफा म्हणजे तो तिरका बांधलेला जॉब आहे.

म्हणून त्या दिवशी तासभर आधी जा, सोफा यायच्या आत. स्टेजचा मध्य काढू नकोस, गायिकेच्या बैठकीचा मध्य काढ. स्टेजचा मध्य आणि गादीचा मध्य एक असतोच असं नाही, पाठीमागच्या बॅनरसाठी गादी सरकवतात. गादीच्या मध्यावरून लाईनदोरी सरळ समोर ओढ. तिथून तबल्याची आणि हार्मोनिअमची जागा टेपने मोजून घे. दोन्ही अंतरं सारखी आली की दोरी खरी. स्टँडच्या मानेतून ओळंबा सोड, त्याचं टोक दोरीवर यायला हवं. सोफेवाल्यांना दोरी दाखव आणि सांग, सोफा हिच्या मागे. स्टँड स्टेजच्या जवळ असेल तर पाहुण्यांच्या नजरेआडही येत नाही. आलाच तर दीड फूट सरक, पण मग बारचं नाक गायिकेकडे वळव. तबला-हार्मोनिअमच्या अंतरात थोडा फरक राहील, तो चालवून घ्यावा लागेल.

उरलेला दोष गेनचा, म्हणजे दोन माइकच्या आवाजाच्या पातळीचा, असू शकतो. दोन वेगळ्या नॉब असतील तर "दोन्ही सहावर" याला अर्थ नाही. रेकॉर्डरमध्ये चॅनल जोडायची सोय असेल तर ती वापर. नसेल तर दोन्ही माइक शेजारी-शेजारी, तोंडं एकाच दिशेला करून धर, चार फुटांवरून कोणाला तरी "आ" लावायला सांग आणि दोन्ही सुया सारख्या येईपर्यंत एकच नॉब फिरव. तीन डेसिबलचा फरक असला तरी मधला माणूस उघड सरकतो.

उंची सांगतो आणि थांबतो. तीन फुटी स्टेजवर मांडी घालून बसलेल्या गायिकेचं तोंड जमिनीपासून साडेपाच फुटांवर येतं. माइक साडेसात ते आठ फुटांवर ठेव आणि पूर्ण बार थोडा खाली झुकव, एकेक माइक नाही. स्टेजवरचे दोन पंखे बंद करून घे.

पावरी (नंदुरबार)

काकांनी सगळं सांगितलंय, तरी दोन ठिकाणी माझं मत वेगळं आहे.

मी पाड्यांवर जाऊन पावरी, ढोल आणि बायकांची लग्नातली गाणी रेकॉर्ड करते. तिथे गादी नसते, मध्य नसतो, माणसं फिरत वाजवतात. त्यामुळे मला आधी कान लावायची सवय लागली. एक कान बोटाने बंद करायचा आणि स्टेजसमोर पुढे-मागे चालायचं. कार्डिऑइड नेमकं काय ऐकतो ते यात कळत नाही, पण एका जागी आवाज हॉलमधून सुटून एकदम समोर येतो, ती जागा सापडते. पत्रे आणि शहाबादी फरशी म्हणजे तो हॉल भांड्यासारखा घुमणार. दादा, नऊ फूट तिथे लांब आहेत असं मला वाटतं. सात फुटांवर जाऊन ऐका. बैठक जास्त पसरेल, मान्य. पण पसरलेली बैठक मला चालते. घुमणारी असेल तर नंतर हातात काहीच राहत नाही.

दुसरं, कात्रीचा त्रास नको असेल तर डच रेडिओची एनओएस रीत बघा: ३० सेंमी आणि ९० अंश. १५ सेंमीचे माइक असले तरी शेपट्या एकमेकींना लागत नाहीत. काकांच्या पुठ्ठ्यावर २० बाहेर, २० पुढे. पट्टा मात्र ८१ अंशांचा, म्हणजे सात फुटांवर बारा फुटांची बैठक अगदी कडेला येते. तेव्हा जवळ जायचं असेल तर ओआरटीएफ, नऊ फुटांवरच राहायचं असेल तर एनओएस.

ब्लमलाईनच्या मोहात पडू नका. ॲलन ब्लमलाईन यांच्या १९३१ च्या पेटंटमधली रीत सुंदर आहे, पण तिला आठच्या आकड्यासारखे माइक लागतात आणि ते मागचंही तेवढंच ऐकतात. मागे आपल्याकडे काय असतं? लहान पोरं.

वहिनींचा "छान आहे की" मात्र हसण्यावारी नेऊ नका. माइकांत अंतर असलं की दोन चॅनल एकत्र केल्यावर काही सूर एकमेकांना खातात. मोबाईलच्या एका स्पीकरवर नेमकं तेच होतं. तुमचा पेनड्राइव्ह शेवटी व्हॉट्सॲपवरूनच फिरणार असेल, तर तोंडं एकमेकांवर असलेलं एक्सवायच बरं. पसारा कमी मिळतो, पण मोडत काही नाही.

गुण्या_ओळंबा (धुळे)

ताईंची सात फुटांची सूचना घे. पत्र्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. एक्सवायचं मला पटत नाही. मोबाईलवर ऐकणाऱ्याला सूर मिळाला की पुरे, माइक आपण हेडफोनवाल्यासाठी लावतो.

आणि पीएचे डबे, म्हणजे प्रेक्षकांसाठीचे स्पीकर, कुठे ठेवतात? ते तुझ्या स्टँडपेक्षा स्टेजकडे असले तर गायिका तुला दोनदा ऐकू येईल, एकदा गळ्यातून आणि एकदा डब्यातून. साऊंडवाल्याला गोड बोलून डबे तुझ्या स्टँडच्या रेषेत किंवा दोन फूट पुढे, प्रेक्षकांकडे, आणायला लाव. डब्यांची पाठ तुझ्याकडे आली पाहिजे.

शेवभाजी_एक_नंबर (जळगाव)

माइकचं मला काही कळत नाही, पण आठ फुटी स्टँड तीन पायांवर आणि आजूबाजूला पोरं म्हणजे काय ते कळतं. पायांवर वाळूच्या पिशव्या टाक. सिमेंटची रिकामी गोणी नको, बारीक वाळू गळते. पिठाची जुनी पिशवी घे आणि दुहेरी शिव. भाऊ, कसं वाजस ते नक्की सांगजो!

बोरीकाठ (अमळनेर)

दहा दिवस झाले, सांगायचं राहून गेलं. दुकानात सर्दी-खोकल्याचा सीझन आहे.

आधी कबुली: जुनी मांडणी तशीच पुन्हा लावून कॅप्सूलमधलं अंतर मोजलं. साडेएक्केचाळीस. काका, तुम्ही धुळ्यात बसून सुताचाही फरक ठेवला नाहीत.

पुठ्ठा बनवला. २० बाहेर, १४ पुढे. मुलीने कोनमापक लावून तपासला, तिच्या मते ५५ म्हणजे ५५. नेलपेंटही तिचंच, गुलाबी.

रविवारी तास आधी पोचलो. दोरी ओढली तर गादीचा मध्य स्टेजच्या मध्यापासून चांगला आठ इंच डावीकडे निघाला, बॅनरवरच्या देणगीदारांच्या फोटोंमुळेच. सोफेवाला दोरी बघून म्हणाला, "बांधकाम काढलं का?" पण सोफा मागे घेतला. साऊंडवाल्याने एक डबा पुढे आणला, दुसरा वायर पुरत नाही म्हणून होता तिथेच राहिला. सात फुटांवर उभं राहून एक कान बंद केला तेव्हा पावरीताईंचं म्हणणं कळलं. दोन पावलं मागे आलं की सगळ्या आवाजावर पत्र्याचं झाकण पडत होतं. सातवरच ठेवला.

पूर्वार्धाबद्दल काय सांगू! गायिका मध्ये. तबला डावीकडे आहे, पण त्याच खोलीत आहे. दोन तानपुरे मागे दोन्ही बाजूंना वेगवेगळे ऐकू येतात. त्यातल्या उजव्याची एक तार किंचित उतरलेली आहे, हे मला हॉलमध्ये कळलंच नव्हतं. विलंबितात एका समेआधी तबलजींनी हळूच "वा" म्हटलंय, तो "वा" बरोबर तबल्याच्या डोक्यावर आहे. तेवढा तुकडा सात वेळा ऐकला.

मग मध्यंतर. शाल-श्रीफळ. सत्काराचा फोटो घ्यायला स्टँड मध्ये येतो म्हणून कोणीतरी उचलून बाजूला ठेवला. मी चहाला गेलो होतो. परत आणून ठेवला तो नजरेने, पिशव्यांसकट. उत्तरार्धात गायिका उजवीकडे, हार्मोनिअमच्या शेजारी. भैरवीसकट सगळं तसंच. याचं आता घरी काही करता येईल का?

गुण्या_ओळंबा (धुळे)

अर्धं करता येईल. उजवा चॅनल दीड डेसिबलने कमी कर आणि ऐक, मग अर्ध्या-अर्ध्याने कमी करत जा. गायिका मध्याकडे यायला लागतील. तबला जास्त डावीकडे वाटायला लागला की थांब, अर्धा-पाव डेसिबल मागे ये. वेळेचा फरक आहे तो तसाच राहणार, त्याला हात लावू नकोस.

स्टँड ठेवल्यावर तिन्ही पायांभोवती खडूने गोल मार. शहाबादीवर पांढरा खडू चांगला उठतो. आणि मध्यंतरात चहा स्टँडपाशीच मागव.